डिस्कची वायर कुणी काढली

हे सांगायची मला हौस नाही. श्वेता मागं लागली म्हणून सांगतोय. "आप्पा, तुम्ही चहा पिताना सांगता तसंच लिहा," म्हणाली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या छडीच्या जोरावर. चुका निघाल्या तर तिला विचारा, मला नाही.

फोटो स्टुडिओत किस्से साठतात ते लेन्सच्या टोपणांसारखे. कॅमेरा कधीच विकलेला असतो, पण त्याचं टोपण खणात पडून राहतं आणि दुसरंच काही शोधताना हाताला लागतं.

बेळगावात आमचा स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे विलासचा. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मी लग्नांत लाइट धरत आलो. गुडघे गेले तसा दुकानात बसलो. दुकान उघडायचं, झाडायचं, आल्यागेल्याला पाणी द्यायचं. श्वेता ही विलासची लेक, टिळकवाडीत एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. आणि सुधीर म्हणजे विलासचा मेहुणा. आतल्या खोलीत बसून लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. बायकोचा भाऊ. त्याला विलास काय बोलणार?

*

सगळं सुरू झालं नंदगडच्या एका लग्नापासून.

त्या लग्नाचं शूटिंग एकाच डिस्कमध्ये होतं. डिस्क चालू असताना तिची वायर निघाली आणि डिस्क बिघडून बसली. हळद वाचली, वरात वाचली, मधलं गेलं.

मुलीचे वडील आले. मला वाटलं, भांडतील. ते खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "हळद हाय म्हणता, वरात हाय म्हणता. अक्षता तेवढ्या न्हाईत. मग लगीन झालं कुठं, ते सांगा की."



ते गेल्यावर सुधीर म्हणाला, "आप्पा झाडायला येतात की आत. झाडू लागला असंल वायरीला."

मी म्हटलं, "मी त्या खोलीत वायर बघून पाय टाकतो."

दुसऱ्या दिवशी विलास दुसरीकडं बघत म्हणाला, "आप्पा, आतली खोली सुधीर झाडून घेईल. तुम्ही नका जाऊ तिकडं."

ह्याच्या स्वतःच्या लग्नात मी लाइट धरलेला. अक्षतांच्या वेळी हात भरून आला तरी खाली घेतला नाही. आणि मला म्हणतो, आत जाऊ नका. त्या दिवसापासून मी बाहेरच्या बाकावर. येणारी गिऱ्हाइकं विचारायची, "आप्पा, बाहेर का?" मी म्हणायचो, "वारा खातोय."

*

मग श्वेतानं कॉम्प्युटरवर बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवलं. प्रत्येक लग्नाची नक्कल दुसऱ्या डिस्कमध्ये, आणि आणखी एक लांब कुठंतरी इंटरनेटवर. मला वाटलं झालं काम. ती म्हणाली, "न्हाय आप्पा, खरं काम आता. आता इव्हेंटवर लक्ष ठेवायचं."

मी म्हटलं, "इव्हेंट विलास बघतोय की. साखरपुडा, हळद, लग्न."

ती हसली. "तसला इव्हेंट न्हाय ओ. कॉम्प्युटरच्या पोटात जे जे घडतं, त्याला इव्हेंट म्हणायचं. नक्कल सुरू झाली, संपली, अडकली, जागा भरली, डिस्क सुटली. समदं हे लिहून ठेवतंय."

"आपलं आपण?"

"आपलं आपण."

"स्वतःची चूकबी?"

"ती तर पयल्यांदा."

मी बाकावरून उठून खिडकीपाशी गेलो आणि आतल्या कॉम्प्युटरच्या डब्याकडं बघत राहिलो. एवढ्या वर्षांत या दुकानात स्वतःची चूक पहिल्यांदा सांगणारा मी एकही बघितला नव्हता.

*

पहिल्या हप्त्यात श्वेतानं सगळेच मेसेज चालू ठेवले. कॉम्प्युटर जागा झाला, मेसेज. नक्कल सुरू झाली, मेसेज. अर्धी झाली, मेसेज. विलासच्या खिशात नुसता किणकिणाट. एका मयताच्या घरी मांडी घालून बसलेला असताना फोन इतका वाजला, की घरची माणसं रडायची थांबून बघाय लागली.

विलासची बायको सुमन एका संध्याकाळी फोन हातात घेऊन सगळे मेसेज वाचत बसली. वाचून झाल्यावर म्हणाली, "कधी उठलो, काय केलं, कुठं अडकलो, कधी संपलं. समदं सांगतंय. लगीन होऊन एवढी वर्षं झाली, तुम्ही मला ह्यातलं कधी काय सांगितलासा व्हय?"

विलासनं वैतागून फोनचा आवाजच बंद करून टाकला. आणि नेमकं तेव्हा बॅकअप खरोखर अडकलं, ते कुणाला कळलंच नाही.

श्वेता चिडली नाही. म्हणाली, "चूक माझी. समदंच सांगत बसलं की कोण ऐकत न्हाय." मग तिनं नीट बेत लावला. सगळं ठीक असेल तर सकाळी एकच मेसेज. बिघडलं तर मात्र तिथल्या तिथं. आणि शब्द मराठीत घातले, मला वाचता यावेत म्हणून. माझ्याही फोनवर चालू करून दिले. आतल्या खोलीत जायला बंदी, पण खोलीतली खबर खिशात. मला लई बरं वाटलं.

*

हा किस्सा विलासनं सांगितलेला. मी तिथं नव्हतो याचं वाईट वाटतं.

बॅकअपच्या प्रत्येक कामाला नाव लागतं. आम्ही लग्नाचंच नाव द्यायचो. आणि विलासला वाटलं, आपले फोटो सुरक्षित आहेत हे गिऱ्हाइकालाही कळू दे, चार लोकांत नाव होईल. म्हणून त्यानं श्वेताला न विचारता मेसेज जायच्या नंबरांत नवरीच्या काकांचा नंबर घातला.

लग्न निपाणीत. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडं निघाले, आणि इकडं दुकानात आदल्या दिवशीच्या हळदीचं बॅकअप अडकलं. काकांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि मांडवात मोठ्यानं वाचलं, "पाटील-देसाई लग्न : अयशस्वी. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला जाईल."

पंगतीकडं निघालेले लोक मागं वळले.

काका म्हणाले, "भटजी अजून दक्षिणा घेऊन उठलं न्हाईत, आणि हे आत्ताच अयशस्वी म्हणतंय?"

नवरदेवाकडचे उठून उभे राहिले. विलास हात जोडून सगळ्यांना कॉम्प्युटर समजावत फिरतोय, कुणी ऐकायला तयार नाही. शेवटी नवरीची आजी खुर्चीतून म्हणाली, "अरं बसा की खाली. पुन्हा प्रयत्न करतो म्हणतंय, एवढं तरी म्हणतंय. माझ्या येळंला कुणी विचारलं न्हाय."

तिथून पुढं मांडव हसायला लागला तो जेवणं होईपर्यंत.

*

एकदा सकाळचा मेसेज आलाच नाही. विलास खुशीत. म्हणाला, "आज काय तक्रार न्हाय वाटतं."

तेवढ्यात श्वेताचा फोन. "पप्पा, दुकानातला कॉम्प्युटर बंद पडलाय. बघा जरा."

बघितलं तर खरंच. खालचा बॅटरीचा डबा जळालेला, कॉम्प्युटर मेलेला.

मी तिला विचारलं, "यंत्रच मेलं तर तुला सांगितलं कुणी?"

म्हणाली, "आप्पा, लांब इंटरनेटवर आपली दुसरी नक्कल असती न्हवं, तिथं मी सांगून ठेवलंय. दुकानाकडनं रोज 'मी हाय' असा निरोप येतोय. ज्या दिवशी आला न्हाय, त्या दिवशी मला सांगायचं."

म्हणजे निरोप आला नाही, हाच निरोप तिला आला.

मला त्या दिवशी दुसरं काही सुचेना. लोक माझ्याशी बोलायचे, मी हं हं करायचो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडला. एखाद्या दिवशी आलो नाही तर ते कळायला लाइट लागायची वेळ यावी लागायची. आणि इथं एक डबा बोलायचा थांबला, तर टिळकवाडीत एका पोरीला चैन पडेना.

*

आता शेवटचं.

श्वेतानं आणखी एक अलर्ट लावला. चालू डिस्कची वायर निघाली की लगेच सगळ्यांच्या फोनवर मेसेज. नंदगडचं पुन्हा होऊ नये म्हणून. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा मी बाहेर बाकावर चहा पीत होतो. सुधीर आतून ओरडला, "आप्पा, आत येऊन कशाला हात लावून जाता?" विलास माझ्याकडं बघायला लागला. माझ्या हातात कप. पुन्हा एकदा वाजला, तेव्हाही तेच. तिसऱ्या वेळी श्वेतासुद्धा हळूच म्हणाली, "आप्पा, चुकून लागत असंल का हो हात?" सुधीरच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. मी ठरवलं, महिना भरला की दुकान सोडायचं. विलासला तसं सांगितलंही. तो थांबा म्हणाला नाही.

त्यातच खानापूरचं लग्न आलं. श्वेताच्या मैत्रिणीचं. सकाळी लाइटवाल्याला ताप भरला. विलासनं गाडी थेट माझ्या घरासमोर उभी केली. "आप्पा, आजच्या दिवस चला." गेलो. गुडघे कुरकुरत होते, पण लाइट हलू दिला नाही. घाईत हे सुधीरला कळवायचं राहिलं. दुकानाची एक चावी त्याच्याकडं असतेच.

अक्षता झाल्या. पंगतीत आम्ही तिघं ओळीनं बसलो. विलास, मी, श्वेता. भातावर आमटी पडली आणि तिघांचे फोन एकदम वाजले.

"डिस्कची वायर निघाली आहे."

सवयीनं दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी भात कालवत होतो.

विलासनं सुधीरला फोन लावला. पंगतीत कालवा, म्हणून स्पीकरवर टाकला.

"सुधीर, वायर निघालीय बघ."

"व्हय काय? थांबा, बघतो." जरा वेळ गेला. "आप्पांचंच काम ओ दाजी. आत्ता आत येऊन झाडून गेलेत. किती सांगायचं त्यास्नी? वय झालंय, कळत न्हाय आता."

श्वेताचा घास हातात राहिला. विलासचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी बघितला नाही. डाव्या हातानं फोन ओढून घेतला.

"सुधीर, आप्पा बोलतोय."

"हां... बोला की आप्पा. कुठनं?"

"खानापुरातनं. विलासच्या शेजारी, पंगतीत बसलोय. कुठं झाडायचं राहिलंय काय तिकडं?"

फोन बंद झाला.

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजले, तिन्ही एकदम.

"डिस्क जोडली गेली आहे."

वाढपी जिलबीचं ताट घेऊन समोर उभा होता. मी दोन घेतल्या.

परत येताना गाडीत विलासनं माफी मागितली, रडवेला होऊन. श्वेतानं मागितली, माझा हात धरून. आतली खोली दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मीच झाडतो. सुमन घरी येऊन भावाच्या वतीनं मागायला लागली, तिला मी चहा दिला, पण माफी घेतली नाही. ज्याची त्यानं मागायची. मी रोज झाडू घेऊन आत जातो, तो खुर्चीतून पाय वर उचलून धरतो आणि पडद्याकडं बघत राहतो. म्हणून वायर काढणाऱ्याचं नाव लिहून ठेवतो. सुधीर.