अण्णाकाका आणि शनिवारचे तोर्ते

नेपरव्हिलहून सुटलेली माझी सकाळची गाडी शिकागोच्या जवळ आली होती, तेव्हा अण्णाकाकांच्या सीनियर होममधून फोन आला. "ही पास्ड पीसफुली," पलीकडची बाई म्हणाली. शांतपणे गेले... याला आता सात आठवडे होतील. त्या एका शब्दाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. शेवटची दीड-दोन वर्षं काका शांत नव्हते, गप्प होते. आणि त्यांना गप्प मी केलं होतं.

अण्णाकाका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, पुलांचे इंजिनिअर. साठच्या दशकाच्या शेवटी सोलापूरहून शिकागोला आले, तेव्हा परवडणारी खोली मिळाली ती मेक्सिकन वस्तीत, कार्मेन नावाच्या एका विधवा बाईंकडे. हा शाकाहारी मुलगा खाणार काय, या चिंतेनं त्या बाईंनी त्यांना बीन्सचा तोर्ता करून दिला आणि पुढे पाव भाजण्यापासून सगळं शिकवलं. तोर्ता म्हणजे मेक्सिकन सँडविच, पण काकांसमोर 'सँडविच' म्हणायची सोय नव्हती. "सँडविच ऑफिसात खातात," ते म्हणायचे.

२००१ मध्ये मी नोकरीसाठी नेपरव्हिलला आले आणि सहाच महिन्यांत कंपनीनं माझ्यासकट अर्धी टीम काढली. त्या रिकाम्या दिवसांत काकांनी मला हाताशी घेतलं. काकू आधीच गेलेल्या, मुलगा निखिल दूर कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला. शुक्रवारी संध्याकाळी काका थोडं पीठ यीस्ट घालून आंबवत ठेवायचे. शनिवारी सकाळी ते कणकेत मिसळून इतकं मळायचे की त्यांच्या चष्म्यावर पिठाची साय धरायची. मग दोन्ही टोकांना निमुळते, मधोमध चीर दिलेले लांबट पाव, म्हणजे बोलियो, ओव्हनमध्ये जायचे. खाली उकळत्या पाण्याचा ट्रे ठेवायचा, वाफेनं कवच कुरकुरीत होतं म्हणून. तोवर शिजलेल्या बीन्स कांद्यावर परतून घोटायच्या. व्हिनेगरमध्ये मुरलेल्या हालपेन्यो मिरच्या तयार असायच्या. चीजसुद्धा घरचंच, दूध फाडून केलेलं. "हे पनीरच आहे की," मी एकदा म्हटलं. "पनीर नव्हे. मीठ चाखून बघ आणि मग बोल!" पाव कापून आतला मऊ भाग काढायचा, नाहीतर बीन्सला जागा राहत नाही. तो काढलेला भाग काका उभ्याउभ्याच खायचे.

पुढे मला नोकरी लागली, तरी शनिवार चालू राहिले. खरं सांगायचं तर नंतर नंतर मला त्यांचा कंटाळा येऊ लागला होता.

२००५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी मी पोचले तर घरभर धूर. बीन्सचं पातेलं जळून काळं झालेलं, गॅस चालू आणि काका खुर्चीत झोपलेले. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ते दचकून उठले. "डोळा लागला गं जरा. निखिलला सांगू नकोस."

"नाही सांगत," मी म्हणाले.

रविवारी दुपारी मी निखिलला फोन केला. उद्या काही झालं तर सगळे मलाच विचारतील, ही भीती होती. शनिवार सुटतील, हेही मनात कुठेतरी होतंच. निखिल विमानानं आला. "डॅड, इट्स नॉट सेफ," एवढं एकच वाक्य तो तीन दिवस बोलत राहिला. महिन्याभरात घर विकलं गेलं. नव्या जागी, सीनियर होममध्ये, खिडकीतून तळं दिसायचं आणि खोलीत फक्त मायक्रोवेव्ह होता.

पहिल्याच भेटीत काकांनी विचारलं, "तूच सांगितलंस ना?"

"काका, काळजी वाटली म्हणून..."

"काळजी होती तर गॅसपाशी येऊन बसली असतीस."

त्यानंतर ते माझ्याशी हवेबद्दल बोलायचे. एकदा मी दुकानातून तोर्ता नेला. त्यांनी तो उघडून पाहिला, परत मिटवला आणि म्हणाले, "तुला उशीर होत असेल." फक्त यंदाच्या जानेवारीत, मी निघताना, त्यांनी माझ्या कोटाची बाही धरली. "तुझ्याकडे ओव्हन आहे ना? एखाद्या शनिवारी ने मला." मी म्हणाले, "बर्फ ओसरू दे, काका." बर्फ ओसरला. ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज आली, मग दुसरी आली... मेमध्ये तो फोन आला.

शोकसभा तिथल्याच हॉलमध्ये झाली. जेवायला निखिलनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गार सँडविचेस मागवली होती. सगळे काकांच्या पुलांबद्दल बोलले. मीही त्यांच्या शिस्तीबद्दल दोन मिनिटं बोलले. तोर्त्याचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

निघताना तिथली ॲक्टिव्हिटीज घेणारी मुलगी बुटांचा एक खोका घेऊन आली. आत हिरव्या, जांभळ्या, केशरी क्लेचे बोटभर लांब, निमुळते आकार, प्रत्येकाच्या मधोमध नखानं ओढलेली चीर. "दर मंगळवारी तो या छोट्या होड्या करायचा," ती इंग्रजीत कौतुकानं म्हणाली. "ही मस्ट हॅव लव्ह्ड बोट्स."

"आय नेव्हर न्यू दॅट," निखिल म्हणाला आणि रडू लागला. मी खोका घेतला.

मागच्या आठवड्यात त्याला फोनवर सांगितलं, की त्या होड्या नव्हेत, बोलियो आहेत. तो म्हणाला, "यू शुड हॅव टोल्ड मी, ताई. देन अँड देअर."

"एकदा सांगितलं होतं तुला," मी म्हणाले. "त्याचं काय झालं ते आठव."

दोघांनीही फोन ठेवला नाही.

खोका माझ्या स्वयंपाकघरात काउंटरवर असतो. ओव्हन लावायचा असला, की मी आधी तो उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवते. धग लागली तर ते क्ले मऊ पडतं.