तू आता वीस वर्षांची आहेस

भुताखेतांच्या गोष्टी कोकणातल्या आमच्या मसुऱ्यात कमी नाहीत, पण मी त्यांवर विश्वास ठेवणारी नाही. सत्तावन्न वर्षांची झाले, तिन्हीसांजेलाही एकटीच घरामागच्या परड्यात जाते... कधी काही दिसलं नाही. म्हणूनच हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

घरात आम्ही दोघंच – मी आणि माझा मोठा भाऊ. दादा तीस वर्षं जहाजावर होता, वहिनी गेल्यावर गावी परतला. मी लग्न केलं नाही. मी एकोणीस वर्षांची असतानाच आई अर्धांगाने पडली, तिची वाचाही गेली. तिचं करण्यातच माझं वय गेलं.

गेल्या मे महिन्यात माझा पाय मोडला. दिवसभर पडवीत पडून! दादाची मुलगी दीपा मुंबईहून आली होती, तिने माझ्या मोबाईलवर एक गेम घालून दिला. त्यात आपण जन्मतो, रांगतो, शाळेत जातो, म्हातारे होऊन मरतो. प्रत्येक वयाला इंग्रजीत काहीतरी विनोदी वाक्य येतं. पाचव्या वर्षी मी पाहुण्यांच्या ताटात बेडूक सोडला, दहाव्या वर्षी मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला. मी एकटीच खो खो हसायचे.

दीपा परत गेली, त्यानंतरची दुपार. दादा समोर बसून सुके बांगडे साफ करत होता. स्क्रीनवर वाक्य आलं –

‘तू आता वीस वर्षांची आहेस. नर्सिंगला तुझी निवड झाली! पण भावाने ते पत्र न्हाणीच्या चुलीत घातलं. त्याची आंघोळ मात्र मस्त झाली.’

मी हसतच दादाला मराठीतून ते वाचून दाखवलं. खरंच सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात काहीच आलं नव्हतं. विसाव्या वर्षी मी नर्सिंगचा अर्ज केला होता, अख्खा उन्हाळा पोस्टमनची वाट बघितली होती... पण ते कधीच मागे पडलं होतं.

दादाच्या हातातला बांगडा खाली पडला.

“तुका ह्यां कोणी सांगल्यान?”

म्हणजे ते पत्र आलं होतं की काय? मी हळूच विचारलं, “दादा, पत्र इल्ला?”

“तू गेली असतंस तर आवशीचा कोणी केला असता? माका जहाजार जावक गावला नसता...” तो रडायला लागला. मला रडूही येईना.

दीपाला फोन केला. तिने तो गेम कितीदा खेळून पाहिला, तसं वाक्य तिला एकदाही आलं नाही. माझ्या मोबाईलवरही पुन्हा आलं नाही. दादाने ही गोष्ट कधी बायकोलाही सांगितली नव्हती. मग त्या गेमला कशी कळली?

पण परवा न्हाणीत पाणी तापवताना एक गोष्ट लक्षात आली. आईची खाट न्हाणीच्या दारासमोरच असायची. जाईपर्यंत ती माझा हात धरून, रडत रडत, त्या चुलीकडे बोट दाखवायची. मला वाटायचं, तिला आंघोळ हवी आहे... आणि मी तिला पुन्हा आंघोळ घालायचे.