पत्र्याच्या खोल्यांपुढून गेलेली वरात

“ऐकू दे आधी.”

नीलेशचं हे बोलणं ठरलेलं. दुकानदाराने भाव सांगितला तरी हेच, बिघडलेली मोटारसायकल कुणी पुढ्यात आणून लावली तरी हेच. भांडणात कुणी अंगावर धावून आला तरीसुद्धा तो मान जराशी डावीकडे कलती करायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि म्हणायचा, “ऐकू दे आधी.” आमच्या गावातली पोरं त्याची नक्कल करत. तो हसायचा. ते हसणंही सावकाश असे, ओल्या लाकडाने धरलेल्या जाळासारखं.

तो डोंगराकडच्या ठाकूरवाडीतला, ठाकर आदिवासी. आई भीमाबाई वीटभट्टीवर कामाला. त्या भट्टीच्या मालकाच्या पडवीत एक मोडका बेंजो पडला होता. बेंजो म्हणजे वर टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली ताणलेल्या तारा. त्यातली चार बटणं गेलेली. नीलेश तेव्हा दहा वर्षांचा असेल. जे सूर त्या चार बटणांबरोबर गेले होते, ते त्याने तार दाबून, ओढून शोधून काढले. त्याला कुणी शिकवलं नाही. पुढे चांगला बेंजो हातात आला तेव्हाही ती ओढ त्याच्या बोटांत राहिली. हळदीत तो वाजवायला लागला की पोळपाटाशी बसलेल्या बायका लाटणं हातात धरून थांबत. मी पुष्कळ बेंजोवाले ऐकले आहेत. असा हात मी दुसरा ऐकला नाही, आणि हे मी कुणापुढेही म्हणेन.

मोठा झाल्यावर तो द्रोणागिरीला गोदामात खोकी उचलायला लागला. लग्नसराईत सुट्ट्या मारायचा आणि आमच्या गावच्या तुळशीरामच्या बेंजो पार्टीत वाजवायचा. चार वर्षं असं चाललं. मग यंदा एप्रिलात गोदामवाल्यांनी सांगितलं, सोमवारपासून तुला कायम करतो, पण यापुढे एकही दांडी चालणार नाही. त्याच आठवड्यात तुळशीरामने सांगितलं, गोदाम सोड, पार्टीचा मुख्य वाजवणारा तू, उरण-करंजापासून कर्जतपर्यंत सगळ्या सुपाऱ्या तुझ्या हातावर घेतो.

नीलेशने आईला विचारलं. हे त्याने स्वतः मला सांगितलं, म्हणून लिहितो.

“आये, काय करू?”

“मला कशाला इचारतोस? मी सांगितलं तं तू करनार हायस?”

“ऐकू दे आधी.”

“मंग ऐक. गोदामात तुला काय म्हनून हाक मारतात?”

“नंबर हाय माजा.”

“आन वाजवतोस तिथं?”

“नावानं मारतात.”

“मंग नावानं मारतात तिकडं जा. खोकी काय, कोनी पन उचलील.”

माझ्या पुतण्याचं, अपूर्वचं, लग्न त्या रविवारी होतं. सकाळी मांडवात येऊन नीलेश तुळशीरामला म्हणाला, “शेठ, उद्या गोदामात जात नाय. मी तुमचा.” तुळशीरामने त्याच्या तोंडात पेढा घातला. मी तिथेच उभा होतो. मलाही आनंद झाला.

दुपारी चारला वरात निघाली. मुलीकडचं कार्यालय सुकापूरला. पुढे टेंपोवर भोंगे आणि जनरेटर, मागे ढोल-ताशे, मधे गळ्यात पट्ट्याने बेंजो अडकवलेला नीलेश, त्याच्या मागे आम्ही नाचणारे आणि शेवटी फुलांच्या गाडीत नवरदेव.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरात माणूस गेलेलं असतं त्या घरापुढून वरात जाताना वाद्य बंद होतं. नवरदेवसुद्धा मान खाली घालतो. पूर्वी हे कुणाला विचारावं लागत नसे. कुणाच्या दारात काय झालंय हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. आता सुकापुरात बारा-बारा मजले उभे आहेत. म्हणून तुळशीराम एक माणूस पुढे पाठवतो. तो प्रत्येक इमारतीच्या वॉचमनला विचारतो, “कोन गेलाय काय?” एका वॉचमनने त्याला उलटं विचारलं होतं, “कौनसे विंग में जाना है?” त्यावर आम्ही गावात महिनाभर हसलो होतो.

त्या दिवशी एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर कळलं, सातव्या मजल्यावरचे एक साहेब कालच वारले. तुळशीरामने हात वर केला. सगळं थांबलं. जनरेटरची घरघर तेवढी राहिली. आम्ही दीडशे माणसं चपला न वाजवता चाललो. गॅलरीतून एका बाईने हात जोडले. नवरदेवाचा मामा मला हळूच म्हणाला, “बघ, आपली मानसं कशी हायत.” माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू?

फाटक मागे पडलं आणि वाद्य सुरू झालं. दोनशे पावलांवर नव्या इमारतीचं काम चाललंय. तिथे रस्त्याकडेला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथे वॉचमन नव्हता, म्हणून आमच्या माणसाने कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. खोल्यांच्या पुढ्यात, सगळ्यांना दिसेल अशी, तिरडी बांधत होते. हिरवे बांबू, पांढरं कापड. एक बाई उकिडवी बसून मडक्यातला विस्तव फुंकत होती.

नीलेशने बोटं उचलली.

ढोल दोन ठोके पुढे गेला आणि अडखळला. तुळशीरामने मागे वळून शिट्टी मारली. “वाजव रं.”

“शेठ, तिरडी हाय.”

“दिसतंय मना. वाजव. मुहूर्त चुकंल.”

“तिकडं थांबलो ना आपन?”

मामा पुढे आला. “तिकडं घर व्हता. ह्ये काय घर हाय? पत्रं हायत. काम संपला का उद्या पत्रं उचलून जातील.”

“मानूस गेलाय, मामा.”

“ठाकराचा हायस ना, म्हनून पुलका आलाय तुला.”

नीलेशने मान कलती केली नाही, डोळे मिटले नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नवरदेवाचा चुलता. मी हात वर केला असता तर वरात थांबली असती. माझ्या खिशात नाचताना लागेल म्हणून ठेवलेला रुमाल होता. मी तो काढला आणि घाम पुसला. एवढंच केलं मी.

आमचे आजे मिठागरात मजुरी करत होते. तेव्हा आमचंही घर कुणाच्या हिशेबी घर नव्हतं. आता दारात गाड्या आल्या आणि आम्ही कुणाचं मरण मोजायचं ते मजले बघून ठरवतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

“सुपारी घेतलीय,” तुळशीराम दात आवळून म्हणाला. “माज्या पार्टीत मी सांगंन तवा वाजवायचा, मी सांगंन तवा थांबायचा. सकाली काय बोललास तू? मी तुमचा, बोललास ना?”

“बोललो.”

“मंग?”

“चुकलो.” त्याचा आवाज चढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. “मना वाटला, वाजवनार मी असंन. गोदामात पाठ इकतो, शेठ. पाठ इकली तं झोपून बरी व्हते. बोटं नाय इकनार. उद्या सकाली गोदामात जातो.”

“तुज्यासारखं पन्नास भेटतील.”

“भेटतील.”

भेटणार नाहीत, हे तुळशीरामला ठाऊक होतं आणि मलाही.

नीलेशने गळ्यातला पट्टा काढला. बेंजो पार्टीचा होता. आधी टेंपोकडे जाणारी वायर काढली, मग बेंजो हौद्यात गादीवर नीट ठेवला, धूळ बसू नये म्हणून वर कापड ओढलं. मामाने ढोलवाल्याच्या खांद्यावर थाप मारली. ढोल सुरू झाला. बेंजोशिवाय, नुसता, दगड फोडल्यासारखा. पोरं पुन्हा नाचायला लागली.

नीलेश डोंगराकडच्या रस्त्याला लागला. घाई नाही, मागे वळणं नाही, हात नुसते बाजूला सोडलेले. नवरदेव गाडीच्या काचेतून एकदा पाहून समोर बघायला लागला. मी वरातीच्या कडेला उभा राहून तो वळणाआड जाईपर्यंत पाहत होतो. ती बाईही पाहत होती, विस्तव फुंकायचं थांबवून, मडकं दोन्ही हातांत धरून.