भुजंगाच्या कमठ्याची जप्ती

भुजंग शिकारी होता, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. गावाचंही तेच म्हणणं होतं, पण गावाला ते भुजंगानंच शिकवलेलं. जिंतूरच्या डोंगरकडेचं गाव. थोडी धनगरांची घरं, बाकी कुणबी. सगळ्यांत मिळून कामाला कच्चा माणूस म्हणजे हा. मिशा मात्र अशा पिळलेल्या, की बघणाऱ्यानं वाट सोडावी.

त्याचा कमठा, म्हणजे बांबूचं ते धनुष्य, मुळात सासऱ्याचा. म्हातारा खरा तिरंदाज. जावई त्याच्यामागं रानात जायचा तो पाण्याचा भोपळा घेऊन. एकदा म्हाताऱ्याच्या बाणानं काळवीट पडलं, ते भुजंगानं शिंगाला धरून गावापर्यंत ओढत आणलं. पुढं म्हातारा गेला, कमठा जावयाकडं आला, आणि ते काळवीट हळूहळू भुजंगानं मारलेलं झालं. बायको भिवराबाई सगळं जाणून होती. ती बोलायची नाही, नुसती बघायची. ते बघणं भुजंगाला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि हत्यारं ठाण्यात आणून द्या म्हणून दवंडी फिरली. ज्यांच्याकडं बंदुका होत्या ते तोंडं पाडून निघाले. त्यांच्या मागं, कुणी बोलावलेलं नसताना, खांद्यावर कमठा टाकून भुजंगराव!

ठाण्यातल्या जमादारानं कमठा उलटासुलटा करून पाहिला. "ये क्या है मियाँ, दातुन?"

"हुजूर, लय खतरनाक हत्यार हाय," भुजंग हात जोडून म्हणाला. "बाहेर ऱ्हायलं तर मुलखाला धोका. ठिवूनच घ्या."

जमादार पोट धरून हसला, पण त्यानं ठेवून घेतला. भुजंगानं तो जमा केला होता. गावात येईपर्यंत तो जप्त झाला. "सरकार घाबरलं माझ्या कमठ्याला," असं त्यानं पारावर सांगितलं आणि बंदुकवाल्यांच्या रांगेत जाऊन बसला. त्या एका शब्दावर गड्यानं आठ वर्षं काढली. रानडुकरांनी भुईमूग उकरला की हा मांडीवर थाप मारायचा, "कमठा असता तर!" धनगरांनी ससा मारला, घोरपड मारली, की शिकाऱ्याचा वाटा आधी भुजंगाच्या घरी. त्याला मटणाची वासना दांडगी. अशा दुसऱ्यांच्या कष्टाच्या मांसावर त्याचं अंग चांगलं भरलं होतं.

छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. ठाण्याची अडगळ साफ व्हायला लागली. एका सकाळी तोच जमादार, आता दाढी पिकलेला, सायकलला काहीतरी आडवं बांधून पारापाशी उतरला.

"भुजंगमियाँ, तुम्हारी अमानत! दीमक खा जाती, करके तेल पिला-पिलाके रखा हूँ. देखो, कैसी नवी नवरी!"

कमठा खरंच चकाकत होता. भुजंगाचं तोंड पाहण्यासारखं झालं. आठ वर्षं त्यानं मनातल्या मनात वाळवीला नवस केले होते, आणि हा भला माणूस तेल पाजत बसला होता!

पारावर दिनकरराव पाटील होते. त्यांचा भुईमूग डुकरांनी नुकताच नांगरून काढला होता. ते म्हणाले, "भुजंगा, आता कारण ऱ्हायलं न्हाई बघ. उद्या पहाटं नीघ. माग काढायला बिरूला ने. डुकराबिगर आलास तर पारावर बसायचं न्हाई, अन् वाटाबी बंद."

भुजंगाला त्या रात्री झोप कुठली! पारावरची जागा आणि पानातला तुकडा, दोन्ही एका बाणावर आलेलं. पहाटे उठून त्यानं कानात, मिशीत, बंडीवर खसाचं अत्तर फासलं. डुकराला वास लांबून येतो, एवढं त्याला सासऱ्याकडून ठाऊक होतं. वास पोचला की डुक्कर पळेल, आणि पळालेल्या डुकराला कोण काय करणार?

बिरू धनगर रानातला माणूस. भुजंगानं ओढ्याच्या काठी वाकून एका ठशावर बोट ठेवलं. "नर हाय. जबर. डाव्या पायानं लंगडा."

"तात्या, ती आमची शेळी हाय," बिरू म्हणाला.

पुढं बिरूलाच पळसाच्या बुंध्याला घासलेला चिखल दिसला. हात लावला तर ओला. त्यानं नाक वर केलं. "तात्या, अत्तर लावलंय व्हय? शिकारीला चाललाव का सोयरिकीला?" त्यानं चिमूटभर माती सोडून वारं पाहिलं आणि भुजंगाला दंडाला धरून असा लांबचा वळसा घालून नेला, की अत्तराचा सगळा वास यांच्याच पाठीमागं जावा. भुजंगानं मनात बिरूच्या सात पिढ्या उद्धारल्या.

करवंदीच्या जाळीपलीकडं डुक्कर होतं. पाठमोरं, मुळं उकरण्यात दंग. एवढं जवळ, की भिवराबाईनं दगड मारला असता तरी लागला असता.

"सोडा तात्या," बिरू कुजबुजला.

भुजंगानं दोरी ओढली. चार बोटंच मागं आली. पुन्हा ओढली, डोळे बाहेर आले, दोरी तिथंच. मग हात सुटला आणि बाण त्याच्याच पायाशी पडला. डुकरानं मान वळवून पाहिलं. भुजंगानं कमठा टाकला आणि डोळे मिटून हात जोडले. डुक्कर एकदा फुरफुरलं आणि झाडीत निघून गेलं.

"आवं, काय करायलाव?" बिरू ओरडला.

"मला दिसले."

"कोण?"

"गोपाळकृष्ण."

"डुकरात?"

"आता माझ्या हातनं जीव जायचा न्हाई, बिरू."

एवढं बोलून तो गावाकडं वळलाच नाही. बिरू गावात पोचून तोंड उघडायच्या आत तो ओढ्यापलीकडच्या महानुभावांच्या मठात शिरला आणि महंतांसमोर आडवा पडला. उपदेश घेतला. खोटं बोलणं सोड, ऐकलं. दारू सोड, ऐकलं. मांस सोड म्हणाले तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. पण दाराशी तोवर माणसं गोळा झाली होती.

बिरूनं खरं सांगितलं, पण ऐकतो कोण? गावातल्या म्हाताऱ्या दगडाबाईनं सगळ्यांत आधी पाया पडून घेतलं. एवढा मोठा शिकारी, नेम धरलेला, आणि जनावराला जीवदान! दिनकररावांना पटलं नव्हतं, तरी चारचौघांत त्यांनीही हात जोडले. पारावरची जागा कायम राहिली. उलट खाली घोंगडी आली, आणि भुजंगाचा भुजंगबुवा झाला. आपल्या गावांना काय, कुणीतरी पाया पडायला लागतंच.

दोन-चार दिवसांनी धनगरांनी कुत्री घालून, भाले मारून तेच डुक्कर पाडलं. घरोघर चुली पेटल्या, गावभर मसाल्याचा घमघमाट. आणि बिरू पळसाच्या पानात बांधलेली मागची तंगडी घेऊन बुवांच्या दारात.

"तात्या, शिकाऱ्याचा वाटा. दर साली देतो, औंदा कसा चुकवू? घेताव न्हवं?"

अंगणात दगडाबाई आणि आणखी चार बाया दर्शनाला बसलेल्या. भुजंगानं आधी तंगडीकडं पाहिलं, मग बायांकडं.

"कृष्ण कृष्ण! काहून पापात घालायलास रं," तो कसाबसा म्हणाला. "ने परत."

बिरूनं तंगडी उचलली आणि मुद्दाम त्याच्या नाकाखालून फिरवून नेली.

त्या दिवशी भिवराबाई भावाकडं जेवायला गेली. उपदेश नवऱ्यानं घेतला होता, तिनं नव्हता. भुजंगबुवा भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढं घेऊन बसले होते, तेव्हा ती परत आली, तोंडावर तृप्ती, ओठांना तवंग. बुवांनी बाहेर कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि नाक तिच्या हाताकडं नेत हळूच विचारलं, "आगं, हात धुतलेस का?"

"धुतले की," भिवराबाई म्हणाली. "राखंनं. दोनदा."