मांडीवरचं लेकरू

माझ्या साडूंइतका भित्रा कादंबरीकार अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. समीक्षकांना ते हिंग लावून विचारत नाहीत. पण ज्यांच्यावर लिहिलं त्यांना वाचून दाखवायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, दर दोन वाक्यांना पाणी लागतं. आणि वाचून दाखवल्याशिवाय एक ओळही छापायची नाही, हा नियम त्यांचाच. कळंबच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता त्यांनी सहा वर्षं घालून, दारोदार पाट्याला टाकी लावत, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करत हिंडणाऱ्या वडार बायकांवर कादंबरी लिहिली. अनुभव हवा म्हणून आमच्या पाट्याला स्वतः टाकी लावली, तर महिनाभर चटणीत कच लागत होती. "भाऊजी, तुमच्या साहित्यापायी आमचे दात पाडता का?" बायको म्हणाली. त्यांनी तेही वहीत टिपून घेतलं.

कळंबशेजारच्या वाशीजवळ वडारांच्या पालांवर त्यांना माझ्या गाडीवर मीच नेलं. त्यांनी लाडकं पान काढलं: भर उन्हात, तान्हं लेकरू मांडीवर घेऊन नायिका पाट्यावर घाव घालते आहे. हे पान ऐकून मी घरी डोळे पुसले होते. गंगाबाई नावाची म्हातारी मात्र ताडकन म्हणाली, "गुरजी, टाकी मारताना लेकरू मांडीवर? कपची उडून डोळा जाईल की त्याचा! आमी काय वैरिणी हाव व्हय?" बाया खो खो हसल्या. मग तिनंच समजावलं, लेकरू लांब सावलीला ठेवायचं. घावाचा आवाज चालू असला की आई हितंच हाय म्हणून ते गप ऱ्हातं.

साडूंनी वही माळ्यावर टाकली. "मला दुःख दिसलं हो, आई दिसलीच नाही," एवढंच म्हणाले. वर्षभरानं ती खाली काढून पुन्हा लिहिली. गेल्या महिन्यात परत पालांवर निघालो तेव्हा गाडीवर मागून म्हणाले, "या खेपेला नाही म्हणाली, तर लिहिणं बंद."

नवं पान वाचून झालं. लेकरू लिंबाखाली, आई लांब, मधे नुसता टाकीचा आवाज. गंगाबाईनं हातातली टाकी खाली ठेवली. तिचं थोरलं लेकरू तापात गेलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. तिनं विचारलं, "हे लेकरू फुडं मोठं हुतंय का वो गुरजी?"

"होतं. शाळेत जातं."

"मग लई बरं झालं," ती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "छापा. पर आदी फुडचं वाचा."

माझाच जीव भांड्यात पडला. साडू अंधार पडेपर्यंत वाचत राहिले. त्या दिवशी त्यांनी एकदाही पाणी मागितलं नाही.