पंपाच्या पोटाखालचं भोक

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे वार. बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं, चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि परत आणायचं. आमचं गाव आरमोरी तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. मशीनवरून उठल्यावर तिला उभं राहवत नाही, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून मी आमच्या जुन्या पिकअपच्या बाजूच्या सीटला उशी बांधून घेतली होती. या गाडीने मी अर्धं आयुष्य धानाची पोती वाहिली, लोकांच्या वराती वाहिल्या, एकदा तर राइस मिलचा अख्खा पट्टा वाहिला. आता ती फक्त माझ्या बायकोला वाहत होती. दुसऱ्याची गाडी एकदा मिळते, दोनदा मिळते. आठवड्यातून दोनदा, ती जगेल तोवर, कोण देणार? मी मागितलीही नाही.

सगळं बिघडलं ते माझ्या हाताने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की मी नशिबाला शिव्या देतो आहे.

माघात गाडीखाली ओल दिसायला लागली. वाकून बघितलं तर इंजिनच्या तोंडावर पाण्याचा पंप असतो, रेडिएटरचं पाणी इंजिनभर फिरवणारा, त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक, आणि त्यातून थेंब थेंब गळत होतं. मी धानाचा माणूस. आमच्याकडे बांधीला, धानाच्या खाचराला, भोक दिसलं की विचार करत नाहीत. खेकड्याने धुरा, म्हणजे कडेचा बांध, पोखरलेला असतो, रात्रभरात बांधी रिकामी होते, म्हणून दिसल्या जागी मूठभर चिखल घालायचा आणि टाचेने दाबायचा. हे मी चालायला लागल्यापासून करत आलो आहे. नळ जोडायला वापरतात ती दोन वड्यांची लांबी घरात होती. ती मळली आणि ते भोक अंगठ्याने गच्च बुजवलं. गळणं थांबलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला बाहेर बोलावून दाखवलं.

वर आणखी शहाणपणा म्हणून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. आमच्याकडचे सगळे ड्रायव्हर टाकतात, बारीकसारीक गळती त्याने बसते. बायको दारात बसून बघत होती.

"का जी, गाडीचं लगन लावून राह्यले का?" ती म्हणाली. "भाजीत टाकाले हळद नाई माह्याकडं, अन् तुमी त्या डबड्याले हळद लावता."

चैतातल्या एका शुक्रवारी, मशीनवरून परत येताना, जंगलाच्या पट्ट्यात समोरून करकर आवाज आला, मग काहीतरी फट्कन तुटलं. तापमानाचा काटा कधीचा वर गेला होता. मला दिसला नव्हता, कारण मी तिच्याकडे बघत होतो. ती खिडकीला डोकं टेकून होती आणि तिचा रंग राखेसारखा झाला होता. बोनेट उघडलं तर वाफेचा लोट. पंप जाम झालेला, पट्टा तुटलेला.

पाण्याला नाला होता, पण जंगलात बऱ्यापैकी आत. त्या पट्ट्यात वाघ फिरतो, तिला एकटीला सोडून आत जायची माझी हिंमत झाली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेव्हा तिने मांडीवरची बाटली पुढे केली. तिला दिवसभरात मोजून पाणी प्यायचं असतं, घोट घोट, डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच. ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून ती दिवसभर जपायची.

"घ्या," ती म्हणाली. "मले तसंबी कोनी पिऊ देत नाई."

मी ती घेतली. आतल्या तडतडण्याकडे दुर्लक्ष केलं, फडकं टोपणावर टाकून रेडिएटरचं तोंड उघडलं आणि तिचं थंड पाणी सगळं आत ओतलं. पट्टा नसताना पंप फिरणार नाही आणि पंपावाचून ते पाणीही फिरणार नाही, हे मला कळत होतं. पण गाडी तापली की पाणी घालायचं, एवढंच हाताला माहीत होतं. तिला तासभर प्यायला काहीच उरलं नाही. मग एक ट्रॅक्टरवाला आला आणि त्याने आम्हाला दोर बांधून ओढत आरमोरीला आणलं.

आरमोरीचे मिस्त्री म्हातारे आहेत. त्यांच्या वडिलांचंही हेच दुकान होतं, आणि माझी गाडी त्यांच्याशिवाय कोणी खोललेली नाही. कोणतंही इंजिन समोर आलं की ते पहिला प्रश्न एकच विचारतात. मलाही विचारला.

"माह्या आधी कोनी हात लावला, भाऊ?"

"कोनी नाई," मी म्हटलं.

या मॉडेलचा पंप आता सहजी मिळत नाही. त्यांनी चंद्रपूरला फोन लावले, कोणाच्या तरी जुन्या मालात एक सापडला आणि तो सोमवारी सकाळी बसने आला. मंगळवार उद्यावर. मी बायकोला फोन करून सांगितलं, काही काळजी करू नको, संध्याकाळी गाडी घेऊन येतो.

काम दिवसभर चाललं. मिस्त्रींनी रेडिएटरचं पाणी सोडलं तर ते पिवळंजर्द निघालं. ते हसले, म्हणाले, "हळद कमी झाली काय घरात?" पंखा काढला, गंजलेले बोल्ट रॉकेल पाजून पाजून सैल केले, एक तुटला तो ड्रिल मारून काढला. जुना पंप हातात आल्यावर त्यांनी तो उलटा केला, डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं.

"हे काऊन बुजवलं?"

मी खाली सांडलेले बोल्ट गोळा करायला लागलो.

"भाऊ, हे भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलं असते. आतली सील गेली का पानी इथून टपकते. टपकलं का समजाचं, पंप बदलाची बारी आली. तुमी हे बुजवलं, तं पानी बेअरिंगमंदी गेलं. हे सांगाचंच भोक होतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

जुनं गॅस्केट ब्लेडने खरवडून त्यांनी नवा पंप बसवला, नवा पट्टा चढवला, पाणी भरलं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. इतका गोड आवाज मी तिचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी खिशातून फोन काढला, बायकोला सांगायला. तेवढ्यात मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडाकडे बोट केलं. आतून बुडबुडे येत होते, एकामागून एक, थांबतच नव्हते. त्यांनी गाडी बंद केली आणि ऑइलची पट्टी ओढून माझ्यासमोर धरली. पाणी मिसळून ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"तापलेल्या इंजनात थंडं पानी टाकलं?"

"टाकलं."

"किती?"

"एक बाटली."

त्यांनी पट्टी पुसली आणि परत जागेवर घातली. तुमच्या एका बाटलीनं झालं का आधीच झालं होतं, हे देवालाच माहीत, असं म्हणाले. पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. मग हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, खोलून बघितलं. हेड वाकलं होतं, आणि खाली ब्लॉकला, इंजिनच्या मुख्य अंगालाही, चीर होती. या मॉडेलचा ब्लॉक कुठी भेटत नाई, नागपूरच्या भंगारात दिसला तर सांगतो, असं मिस्त्री म्हणाले. वर्षभरापासून ते असंच एका दुसऱ्या माणसालाही सांगत होते, मला ठाऊक होतं.

मंगळवारी आम्ही बसने गेलो. जाताना जागा मिळाली. येताना ती मशीनवरून उठली आणि बसस्टँडच्या बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसली. बसला वेळ होता. जुना पंप माझ्या पिशवीत होता, मिस्त्रींकडून मागून घेतला होता, कशाला ते मलाच माहीत नाही. मी तिला तो दाखवला आणि भोकाचं सगळं सांगितलं. बाटलीचं सांगितलं नाही.

तिने लांबीवरून बोट फिरवलं.

"मी बी हेच केलं," ती म्हणाली. "मागच्या सालच्या रोवनीत मी जोडवी काहाडली, आठवते? तुमी इचारलं काऊन काहाडली, मी म्हटलं चिखलात हरवतील. चिखलाचं नोहतं. पाय सुजले होते. बोटात घुसत नोहती."

मी तिच्यावर ओरडलो. स्टँडवर, लोकांसमोर, नुकत्याच मशीनवरून उठलेल्या बाईवर. तेव्हाच सांगितलं असतं तर डॉक्टर गाठला असता, गोळ्यांवर निभावलं असतं, असं काय काय बोललो. रोवणीच्या दिवसांत तिने सांगितलं असतं तरी मी रोवणी संपू दे म्हटलं असतं, हे ती बोलली नाही. मला माहीत होतं, म्हणून मी आणखी ओरडलो. बस आली तेव्हा बसायला जागा नव्हती. एका कॉलेजच्या पोरीने उठून तिला जागा दिली, तरी अर्ध्या वाटेत ती पिशवीत ओकली. त्याच पिशवीत, पंपावर.

घरी आल्यावर मी पंप धुतला. खिळ्याने ती लांबी उकरली तर अख्खी निघून आली, माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर तसाच होता.

शुक्रवारी पहाटे मी आंघोळीचं पाणी तापवलं, तिची फाईल पिशवीत घातली, खाटेखाली चपला सरळ करून ठेवल्या. ती जागी होती. उठली नाही. बस सुटेल म्हणालो, तर म्हणाली सुटू द्या. हात धरला, तर सोडवून घेतला. पाया पडतो म्हणालो, आणि खरंच पडलो. तिच्या सुजलेल्या पावलावर माझ्या कपाळाचा खळगा उमटला आणि बराच वेळ भरला नाही.

"गाडीले खरं काय झालं, जी?" तिने विचारलं. "नवा पंप टाकला, तरी काऊन नाई चालली?"

मला सांगता आलं असतं. तिची बाटली, थंड पाणी, ब्लॉकची चीर, सगळं तोंडाशी आलं होतं.

"जुनी झाली होती," मी म्हटलं.

"मंग झालं तं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. "मी कुठी नवी आहो?"

लांबून, डांबरी रस्त्यावरून, बसचा हॉर्न ऐकू आला. ड्रायव्हर ओळखीचा आहे, थोडा वेळ थांबतो. त्या दिवशीही थांबला. मग गेला.