सतरा मिनिटं

भर दुपारी लायब्ररीत शाल्मलीचे डोळे जडावतात. पाचला प्रबंध द्यायचा आहे आणि दिगंबरने भरलेले चाळीस फॉर्म अजून तिच्यासमोर आहेत. डोंगराकडेच्या या छोट्या कॉलेजात अर्थशास्त्राला नऊच मुलं. जोडीला कविता आणि कुंभारकामही शिकायचं. पाहणी दोघांची होती: पाणी आणण्यात बायांचा किती वेळ जातो? ती संपली आणि त्याच आठवड्यात दिगंबर तापाने गेला. फॉर्म उरले, पण ते तिला खटकतात. सतरा मिनिटं. तेवीस. एकोणतीस. गावात असं कोण सांगतं? माणसं म्हणतात, ‘अर्धा तास धरा.’ पठ्ठ्याने खोलीत बसून आकडे ठोकले असणार. सकाळीच तिने प्रबंधाच्या पहिल्या पानावरचं त्याचं नाव खोडलंय. गेलेल्या मित्राचा संशय घ्यायची तिला लाज वाटते, पण संशय काही जात नाही.

ती फॉर्मवर डोकं टेकते. समोरच्या खुर्चीत दिगंबर बसलेला असतो.

“नाव खोडलंस होय?”

“आकडे कुठून आणलेस ते सांग आधी.”

“बायांना कुठं ठाऊक असतंय मिनिटांचं? मी घड्याळ लावून मागं मागं चाललो.”

“मला शेंडी लावू नकोस.”

“मग चल की.”

कपाटांमधली वाट उताराला लागते, पायाखाली खडी येते. तिच्या डोक्यावर ओढणीची चुंबळ, त्यावर घागर. तिनेच कॉलेजात घडवलेली, वाकडी अन् गळकी. दिगंबर घड्याळाकडे बघत मागून येतोय.

“सतरा,” एका दारापाशी तो म्हणतो.

तरी तिचा विश्वास बसत नाही. स्वप्नातला माणूस आपल्याला हवं तेच बोलणार. “सगळे चाळीस असेच भरलेस?”

तो मान खाली घालतो. “चौतीस. मग ताप चढला. शेवटचे सहा खोलीत पडून ठोकले. काढून टाक ते, शालू.”

“मला सांगायचं होतंस ना!”

“तू रागावली असतीस.”

ती दचकून जागी होते. टेबलावर तिची ओढणी गोल वळलेली, चिंब ओली. शेजारची पाण्याची बाटली ती हलवून बघते. झाकण घट्ट आहे. आणि चुंबळ वळायला तर तिला कधीच जमलेलं नाही.

ती शेवटचे सहा फॉर्म काढून बाजूला ठेवते. मग पहिल्या पानावर दिगंबरचं नाव पुन्हा लिहिते, स्वतःच्या नावाच्या आधी.